आईच्या लिव्हरच्या गाठीची आरएफए ठरलीये, पेसमेकर आहे, करंटचा धोका नेमका कुठे असतो?

पाऊलवाट:
नमस्कार. आईबद्दल विचारायचंय, जरा लांबेल पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हालाही उत्तर देता येणार नाही. आई ६८ ची आहे. जुना हिपॅटायटिस सी, औषधाने व्हायरस गेला पण तोवर लिव्हर सिरॉसिसपर्यंत, म्हणजे कायमचं कडक आणि खराब होण्यापर्यंत, पोचलं होतं, आणि आता नेहमीच्या सोनोग्राफीत उजव्या बाजूला गाठ दिसली, मग ट्रिपल फेज सीटी झाला, अडीच सेंटिमीटरची कॅन्सरची गाठ आहे म्हणाले. लिव्हरचा तुकडा काढायचं मोठं ऑपरेशन तिला झेपणार नाही म्हणून आरएफए ठरवलंय, म्हणजे बाहेरून सुई आत न्यायची आणि करंट देऊन गाठ जागच्या जागी जाळून टाकायची.

माझी झोप उडालीये ती या करंटमुळे. आईला पेसमेकर बसवलेला आहे आणि डाव्या खुब्याचा सांधा बदललेला आहे, म्हणजे अंगात दोन ठिकाणी धातू. संमतीपत्रात भाजणं, रक्तस्राव, आतड्याला इजा, मृत्यू असं सगळं एका ओळीत लिहिलंय. ओपीडीत गर्दी इतकी की डॉक्टर म्हणाले काळजी करू नका, आम्ही नेहमी करतो, आणि तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला. घरी येऊन वाचायला बसले तर कुठे ३००० व्होल्ट लिहिलंय, कुठे हृदयाचे ठोके बिघडू नयेत म्हणून ईसीजीशी जुळवून करंट देतात असं लिहिलंय, कुठे मांडीला चिकटवलेल्या पॅडखाली कातडी भाजली असं लिहिलंय. भाऊ म्हणतो सरळ मायक्रोवेव्ह करा म्हणू, म्हणजे करंटऐवजी मायक्रोवेव्हच्या लहरींनी गाठ तापवायची. मला नक्की कशाला घाबरायचं आणि डॉक्टरांना काय विचारायचं तेच कळेना झालंय. ज्यांनी जवळून बघितलंय किंवा जे या कामात आहेत त्यांनी प्लीज सांगा.

उंबर:
ताई, मी इंटरव्हेन्शन रूममधे टेक्निशियन आहे, सुई डॉक्टर घालतात पण पेशंट टेबलवर घेणं, पॅड लावणं, मशीन जोडणं हे आमचं काम, त्यामुळे त्या बाजूचं सांगू शकतो.

पहिली गोष्ट, तुम्ही दोन वेगळ्या मशीनचं एकत्र वाचलंय. ३००० व्होल्ट आणि ईसीजीशी जुळवणं हे आयआरई नावाच्या दुसऱ्याच पद्धतीचं, त्यात एकदम जोरदार पण अगदी क्षणभराचे पल्स देतात. तुमच्या आईचं आरएफए आहे. त्यात साधारण ४०० ते ५०० किलोहर्ट्झचा करंट असतो, म्हणजे सेकंदाला चारपाच लाख वेळा पुढेमागे होणारा. घरातला करंट सेकंदाला ५०-६० वेळाच पुढेमागे होतो, तेवढ्यात नसा आणि स्नायू त्याला प्रतिसाद देतात, म्हणून झटका बसतो, हात आखडतो, हृदयाची लय बिघडते. लाखांच्या वेगाला नसांना प्रतिसाद द्यायला वेळच मिळत नाही. त्यामुळे आरएफएमधे शॉक लागत नाही, उष्णता तयार होते, आणि धोका जो काय आहे तो या उष्णतेचा आहे.

आता पॅड. सुईच्या टोकातून करंट शिरला तर तो कुठून तरी बाहेर पडून मशीनकडे परत गेला पाहिजे, त्यासाठी मांड्यांना मोठे चिकट पॅड लावतात. जेवढा करंट सुईतून जातो तेवढाच्या तेवढा पॅडमधून परत येतो. सुईचं टोक बारीक म्हणून तिथे उष्णता, पॅड मोठं म्हणून तिथे करंट पसरून जातो आणि कातडी जेमतेम कोमट होते. पण हे कधी, तर पॅड पूर्ण चिकटलेलं असेल तर! एक कोपरा सुटला, खाली केस राहिले, तेल किंवा क्रीम लावलेलं असलं, घाम असला, की उरलेल्या छोट्या जागेतून सगळा करंट जायला लागतो आणि तिथे भाजतं. पेशंटला भूल किंवा गुंगी असते, तो सांगणार कसा की मांडी पोळतेय.

म्हणून आम्ही काय करतो ते सांगतो म्हणजे तुम्हाला विचारायला बरं पडेल. मांडीवरचे केस क्लिपरने काढायचे, कातडी पुसून पूर्ण कोरडी करायची, स्पिरिट लावलं असेल तर ते उडून जाईपर्यंत थांबायचं कारण पॅडखाली किंवा चादरीच्या घडीत स्पिरिट साचलं तर ठिणगीने पेट घेऊ शकतं. दोन्ही मांड्यांवर पॅड, आणि दोन्हींचं सुईपासूनचं अंतर सारखं. हे अंतर फार महत्त्वाचं आहे कारण जवळचं पॅड जास्त करंट ओढतं आणि तेच तापतं. पॅडची लांब बाजू पोटाकडे तोंड करून लावायची. पॅडवर सगळीकडे सारखा करंट पडत नाही, सुईकडच्या कडेवर सगळ्यात जास्त पडतो, त्यामुळे भाजलं तर बहुतेक वेळा त्या कडेच्या रेषेवरच भाजतं. पॅड कापून लहान करायचं नाही, एकदा काढलेलं परत चिकटवायचं नाही. अंगावर काही धातूचं ठेवायचं नाही, दागिना, पिन, काही नको. हात अंगाला किंवा टेबलच्या लोखंडी कडेला टेकलेला नको, मधे कोरडं कापड हवं. आणि प्रोसिजर चालू असताना मधूनमधून चादरीखाली हात घालून पॅडची कड किती गरम झालीये ते बघायचं, ही सवय ज्या टीमला आहे तिथे मला निर्धास्त वाटतं.

खुब्याच्या सांध्याचं आधीच सांगून ठेवा, फाइलमधे कुठेतरी असेल म्हणून गप्प राहू नका. धातूच्या थेट वर पॅड लावत नाहीत, जागा बदलतात, पण एक बदललं की दुसऱ्याचंही अंतर जुळवावं लागतं, ते शेवटच्या क्षणी कळलं की घाई होते आणि घाईत पॅड नीट बसत नाहीत.

चांदणवेल:
माझ्या बाबांना झालं होतं हे भाजणं, म्हणून लिहितेय. गाठ छान गेली, सीटीत काही उरलं नव्हतं, सगळे खूष. संध्याकाळी वॉर्डमधे बाबा म्हणाले उजवी मांडी चुरचुरतेय. नर्सला वाटलं चिकटपट्टीची ॲलर्जी असेल, मलम लावून गेल्या. रात्री बघितलं तर पोटाकडच्या बाजूला बोटाएवढी रुंद आणि वीतभर लांब लाल पट्टी, अगदी पट्टीने आखल्यासारखी सरळ, आणि सकाळी त्यावर फोड. वर उंबर यांनी कडेच्या रेषेचं लिहिलंय ते वाचून अंगावर काटा आला कारण हुबेहूब तसंच होतं. भरून यायला कित्येक आठवडे गेले, बाबांना डायबेटीस आहे त्यामुळे ड्रेसिंग संपता संपेना, आणि गाठीपेक्षा त्या मांडीनेच त्यांना जास्त छळलं. हॉस्पिटलचं नाव घेणार नाही, त्यांनी नंतर काळजी नीट घेतली.

पण ताई, एक करा, आई बाहेर आली की त्याच दिवशी दोन्ही मांड्या, पाठ, नितंब स्वतः डोळ्यांनी बघा किंवा नर्सना दाखवायला सांगा. लाली दिसली आणि तासाभरात गेली नाही तर लगेच डॉक्टरांना बोलवा. भाजल्यावर लवकर इलाज सुरू झाला तर खूप फरक पडतो, आमची ती एक अख्खी रात्र वाया गेली.

वैद्यकट्टा:
मी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आहे. उंबर यांनी पॅडबद्दल लिहिलंय ते बरोबर आहे आणि कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगलं लिहिलंय. पण मला वाटतं धोक्यांची क्रमवारी लागायला हवी, नाहीतर तुम्ही पॅडचीच काळजी करत बसाल आणि मोठ्या गोष्टी विचारायच्या राहतील.

आकडे हवे असतील तर २००३ मधे इटलीतल्या ४१ हॉस्पिटलांनी मिळून एक मोठा अभ्यास छापला होता, २,३२० पेशंट, ३,५५४ गाठी, सगळ्या लिव्हरच्या आणि सगळं कातडीतून सुई घालून केलेलं आरएफए. त्यात ६ जण दगावले, म्हणजे ०.३ टक्के, आणि आणखी ५० जणांना मोठी गुंतागुंत झाली, २.२ टक्के. यात मुख्य काय होतं, तर पोटात रक्तस्राव, सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजणं, लिव्हरमधे पू होणं आणि आतड्याला भोक पडणं. त्या ६ मधले २ मृत्यू आतड्याला भोक पडूनच झाले होते. म्हणजे प्रोसिजर सुरक्षित म्हणावी अशीच आहे, पण जिथे बिघडतं तिथे सहसा शेजारच्या अवयवाला उष्णता लागल्यामुळे बिघडतं.

गाठीचं तापमान ६० अंशांच्या पुढे गेलं की पेशी जवळजवळ लगेच मरतात. आपल्याला गाठ आणि तिच्याभोवतीची निदान अर्धा ते एक सेंटिमीटर निरोगी कड असं सगळं तिथवर न्यायचं असतं. उष्णतेला काही गाठीची हद्द कळत नाही. गाठ लिव्हरच्या काठाला असेल आणि पलीकडे मोठं आतडं टेकलेलं असेल तर आतड्याची भिंत भाजते. यातली वाईट गोष्ट ही की भोक त्याच दिवशी पडत नाही, भिंत आतून मेलेली असते आणि ती काही दिवसांनी, पेशंट घरी गेल्यावर फुटते. ज्यांचं पोटाचं आधी ऑपरेशन झालंय त्यांच्यात आतडं लिव्हरला चिकटून बसलेलं असू शकतं, ते सरकत नाही, म्हणून तिथे जास्त जपावं लागतं. आईचं पोटाचं काही ऑपरेशन झालंय का?

आतडं जवळ असेल तर आम्ही मधे पाणी सोडून त्याला दूर सारतो. हे पाणी म्हणजे ५ टक्के डेक्स्ट्रोज, सलाइन नाही. सलाइनमधे मीठ असतं, ते करंट वाहून नेतं, म्हणजे ज्याला वाचवायचं त्याच्याकडेच करंटला वाट करून दिल्यासारखं होतं. डेक्स्ट्रोज करंट अडवतं. गाठ वर डायफ्रॅमला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याला, लागून असली तरी हाच उपाय, नाहीतर डायफ्रॅम भाजतो आणि पेशंटला नंतर उजवा खांदा दुखतो, कधी छातीत पाणी किंवा हवा होते. पित्ताच्या मुख्य नळ्यांजवळची गाठ असेल तर मी स्वतः आरएफएला नाही म्हणतो, कारण नळी भाजून आकसली तर ते दुखणं गाठीपेक्षा जड जातं. मोठ्या रक्तवाहिनीजवळ उलटा त्रास, तीन मिलिमीटरपेक्षा जाड वाहिनी शेजारी असली तर वाहतं रक्त उष्णता घेऊन जातं आणि त्या बाजूला गाठीची कड जिवंत राहू शकते.

रक्तस्रावाचं म्हणाल तर सिरॉसिसमधे प्लेटलेट कमी असतात आणि रक्त गोठायला वेळ लागतो. प्लेटलेट साधारण ५०,००० च्या वर असाव्यात असं बघतो, सिरॉसिसच्या पेशंटला थोडे वेगळे आकडे लावतात. रक्त पातळ करायची काही गोळी चालू आहे का ते सांगा. असेल तर ती मनाने बंद करू नका, पेसमेकरवाल्या पेशंटला ती बऱ्याचदा हृदयासाठी दिलेली असते, कधी थांबवायची आणि कधी परत सुरू करायची हे हार्टवाले आणि प्रोसिजर करणारे दोघांनी मिळून ठरवायचं. सुई बाहेर काढताना वाट जाळत जाळत काढतात, त्याने रक्तही थांबतं आणि पेशी वाटेत सांडून रुजायचा धोकाही कमी होतो.

अजून एक, पित्ताच्या नळीत स्टेंट (नळी उघडी ठेवणारी छोटी नळी) घातलाय किंवा पित्ताची नळी आतड्याला जोडायचं ऑपरेशन झालंय, असं काही असेल तर ओरडून सांगा. अशा पेशंटच्या लिव्हरमधे आतड्यातले जंतू पोचलेले असतात, जळालेल्या मेलेल्या गाठीत त्यांना वाढायला आयती जागा मिळते आणि पू होतो. धोका कितीतरी पटींनी वाढतो.

पेसमेकरचं वेगळं लिहितो, वॉर्डमधे राउंड आहे, संध्याकाळी.

सर्किटवाला:
बायोमेडिकल इंजिनिअर आहे, या मशीनची तपासणी करणं हा रोजचा धंदा. डॉक्टरांनी क्रमवारी लावली ती मान्य, तरी पॅडला कमी लेखू नका असं मी म्हणेन आणि त्याचं कारण आकड्यातच आहे.

हे पॅड मुळात सर्जरीतल्या कॉटरीसाठी आले. कॉटरी म्हणजे चिरताना रक्त थांबवायला जे जाळतात ते, बोवी आणि कुशिंग यांनी १९२६ मधे ती ऑपरेशनमधे वापरून दाखवली. कॉटरीत करंट क्षणभर चालतो, बंद होतो, परत चालतो. पॅडची नेहमीची कसोटीही त्याच हिशोबाची आहे, ७०० मिलिअँपिअर करंट ६० सेकंद दिला तर पॅडखालची कातडी ६ अंशांपेक्षा जास्त तापता कामा नये. आरएफएचं मशीन २०० वॉटपर्यंत जातं, करंट २ अँपिअरच्या घरात जाऊ शकतो, आणि एकेक सायकल १२ मिनिटांची असते, गाठ मोठी असेल तर सुई हलवून परत सायकल. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. ७०० मिलिअँपिअरचे २ अँपिअर झाले तर करंट तिप्पटसुद्धा नाही पण उष्णता आठपट, आणि ती एका मिनिटाऐवजी बारा मिनिटं. म्हणून कपाटात कॉटरीचं पॅड आहे तेच लावा असं चालत नाही, आरएफए मशीनच्या कंपनीने जे आणि जितके पॅड सांगितलेत तेच आणि तितकेच लावायचे. एक कमी पडलं म्हणून एकावर भागवणं हा माझ्या दृष्टीने गुन्हा आहे.

दुसरं म्हणजे स्क्रीनवरचा इम्पिडन्स. करंटच्या वाटेत किती अडथळा आहे तो आकडा. सुरुवातीलाच तो नेहमीपेक्षा जास्त दिसला तर पॅड नीट चिकटलेलं नाही किंवा कुठेतरी वायर सैल आहे. अशा वेळी आधी सगळं थांबवून पॅड बघायचं, पॉवर वाढवून पुढे ढकलायचं नाही. सायकलच्या शेवटी मात्र इम्पिडन्स अचानक वर जातो ते चांगलं लक्षण, टोकाजवळचं पाणी उडून गेलं, कोळसा व्हायला लागला, करंट अडला. १०० अंशांच्या वर गेलं की वाफ आणि कोळसा होतो आणि मग उष्णता पुढे पसरतच नाही, म्हणून तर सुईच्या आतून थंड पाणी फिरवतात, जेणेकरून टोक जळून जाऊ नये. तो पाण्याचा पंप चालू आहे ना, हे बघणं पण यादीत हवंच.

बाकी ताई, पेसमेकर आहे तर तुमचा भाऊ म्हणतो ते मायक्रोवेव्ह मला पटतं. त्यात अंगातून करंट परत न्यायचा नसतो, त्यामुळे पॅड नाही, पॅडचं भाजणं नाही. विषयच संपला.

वैद्यकट्टा:
सर्किटवाला, विषय संपत नाही हो. मायक्रोवेव्हमधे पॅड नाही हे खरं, रक्तवाहिनीजवळ ते आरएफएपेक्षा चांगलं चालतं हेही खरं, आणि पेसमेकरवाल्या पेशंटला मी स्वतः कित्येकदा तेच निवडतो. पण ते जास्त वेगाने आणि जास्त मोठ्या जागेत तापवतं, म्हणजे शेजारी आतडं किंवा पित्ताची नळी असेल तर चुकायला जागा कमी. ९१५ मेगाहर्ट्झ किंवा २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी असतात, त्यामुळे पेसमेकरची तपासणी तिथेही टळत नाही. त्यामुळे ताई, मायक्रोवेव्हच करा असं सांगू नका, माझ्या आईच्या गाठीच्या जागेला आणि पेसमेकरला धरून दोन्हीतलं कुठलं बरं आणि का, असं विचारा. आणि त्या टीमचा हात कुठल्या मशीनवर बसलाय हेही विचारा, मी त्याला फार किंमत देतो.

आता पेसमेकर. आरएफएचा करंट पेसमेकर जाळतो वगैरे नाही, पेसमेकरची फसगत होते. पेसमेकर सतत ऐकत असतो की हृदयाने स्वतः ठोका दिला का. करंटचा गोंगाट ऐकून त्याला वाटतं हृदय आपलं आपण चाललंय, आणि तो स्वतःचा ठोका देणं थांबवतो. ज्यांचं हृदय पूर्णपणे पेसमेकरवर आहे त्यांना ही थोडी थांबाथांबीसुद्धा महागात पडते. म्हणून आधी पेसमेकर क्लिनिकमधे दाखवून आई त्यावर किती अवलंबून आहे, बॅटरी किती आहे, कुठलं मॉडेल आहे हे लिहून घ्यायचं. अवलंबून असेल तर प्रोसिजरपुरतं त्याला असं सेट करतात की तो काहीही न ऐकता ठरलेल्या गतीने ठोके देत राहील. काही वेळा वर मॅग्नेट ठेवूनही हेच साधतात. पण कुणाला पेसमेकर नसून शॉक देणारा आयसीडी असेल तर मॅग्नेटने फक्त त्याचा शॉक बंद होतो, ठोक्यांची सेटिंग बदलत नाही, हा फरक माहीत नसेल तर घोटाळा होतो. नातेवाईक सरसकट पेसमेकरच म्हणतात, म्हणून डिव्हाइसचं कार्ड घेऊन जा.

पॅड मांड्यांवर असले की करंट लिव्हरकडून खाली जातो, छातीकडे जात नाही, हे आपल्या बाजूचं आहे. बाहेरून शॉक द्यायचं मशीन खोलीत तयार हवं. आणि प्रोसिजर झाली की पेसमेकर परत तपासून पहिल्या सेटिंगवर आणल्याशिवाय पेशंटला मॉनिटरवरून काढायचं नाही. हे शेवटचं विसरलं जातं, कारण तोवर सगळ्यांना सुटल्यासारखं वाटत असतं.

निळाई:
भूल देणारी डॉक्टर. वरच्यात एक भर. आरएफए चालू असताना ईसीजीच्या स्क्रीनवर नुसता गोंगाट येतो, रेषा वाचता येत नाही. अशा वेळी मी बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या क्लिपची लाट बघत बसते, किंवा पेशंट जोखमीचा असेल तर मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालून ब्लड प्रेशरची लाट बघते. लाट येतेय म्हणजे हृदय खरोखर रक्त ढकलतंय. पेसमेकरच्या पेशंटमधे स्क्रीनवर पेसमेकरची खूण दिसतेय म्हणून समाधान मानता येत नाही. ताईंनी भूलतज्ज्ञांना एवढंच विचारावं, ईसीजी दिसत नसेल तेव्हा तुम्ही काय बघणार? उत्तर पटकन आलं तर समजा माणूस तयारीत आहे.

आणि आयआरईचा उल्लेख आलाय तर बाकी वाचणाऱ्यांसाठी, कारण पॅन्क्रियासच्या गाठीसाठी लोक त्याबद्दल विचारतात. २००५ मधे डावालोस, मीर आणि रुबिन्स्की यांनी ही कल्पना मांडली. त्यात उष्णतेने जाळायचं नसून ३००० व्होल्टपर्यंतचे पल्स, प्रत्येक साधारण ७० ते १०० मायक्रोसेकंदांचा, देऊन पेशीच्या आवरणाला कायमची भोकं पाडायची असतात. तिथे तुम्ही वाचलेली भीती खरी आहे. पल्स हृदयाच्या नको त्या क्षणी पडला तर लय बिघडू शकते, म्हणून तो ईसीजीतल्या आर वेव्हनंतर (प्रत्येक ठोक्याचं उंच टोक) साधारण ५० मिलिसेकंदांनी, हृदयाचे स्नायू नवीन इशारा घेऊच शकत नाहीत त्या वेळात देतात. स्नायू जोरात आखडतात म्हणून पूर्ण भूल आणि स्नायू पूर्ण ढिले करायचं औषध लागतं, नुसत्या गुंगीवर होत नाही. पेसमेकर, हृदयाच्या लयीचा जुना त्रास किंवा फिट येणारे पेशंट यांना सहसा ते करतच नाहीत. आणि त्यात उष्णता अजिबात नसते असं जे लिहिलेलं असतं त्यावर पूर्ण विसंबू नका, सुयांच्या अगदी जवळ आणि धातूच्या स्टेंटशेजारी तापतंच. तुमच्या आईच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही, त्यामुळे ते ३००० व्होल्ट डोक्यातून काढून टाका.

पाऊलवाट:
तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, काय बोलू. सगळं कागदावर उतरवून काल परत गेले डॉक्टरांकडे. मला वाटलं होतं चिडतील, इतकं विचारलं म्हणून, पण उलट त्यांनी कागदच हातात घेतला आणि सीटी लावून गाठ दाखवली. गाठ मधल्या भागात आहे, आतडं लांब आहे, मोठ्या नळ्या पण लांब. स्टेंट वगैरे काही नाही. वैद्यकट्टा, तुम्ही विचारलंत ते, आईची पित्ताची पिशवी काढलेली आहे पूर्वी, आणि हो, रक्त पातळ करायची गोळी पण चालू आहे, हार्टच्या डॉक्टरांनी दिलेली, त्याबद्दल ते दोघे आपसात बोलणार आहेत. पेसमेकर क्लिनिकची तारीख आरएफएच्या आधीची घेतलीये, त्यांचा माणूस त्या दिवशी खोलीत थांबेल म्हणाले. मायक्रोवेव्हचंही विचारलं. त्यांच्याकडे दोन्ही मशीन आहेत आणि गाठ मधे असल्यामुळे पेसमेकर बघून झाल्यावर कदाचित मायक्रोवेव्हच करतील, पण आरएफए केलं तर पॅड कुठे लावायचे तेही त्यांनी डाव्या खुब्याच्या हिशोबाने आत्ताच फाइलमधे लिहून ठेवलं. भूलतज्ज्ञांना अजून भेटायचंय, निळाईताई तुमचा प्रश्न पहिला विचारणार.

आता एकच, घरी आणल्यावर कशाकडे लक्ष ठेवायचं? कागदावर ताप येऊ शकतो असं लिहिलंय, पण वर वैद्यकट्टा यांनी पू आणि भोक दोन्ही सांगितलंय, मग साधा ताप कुठला आणि धावायचं कधी हे मला कसं कळणार? आई स्वतःहून काही सांगत नाही, दुखलं तरी बरं आहे म्हणते.

वैद्यकट्टा:
छान केलंत. डॉक्टरांनी फाइलमधे लिहिलं हे सगळ्यात बरं झालं, तोंडी सांगितलेलं त्या दिवशीच्या ड्युटीवरच्या माणसापर्यंत पोचेलच असं नसतं. पित्ताच्या पिशवीच्या ऑपरेशनमुळे तिथे आतडं चिकटलेलं असू शकतं पण गाठ मधे आहे म्हणाले तर त्याची फारशी चिंता नको.

ताप. जळालेली गाठ शरीर हळूहळू साफ करतं, त्यामुळे पहिले काही दिवस कणकण, अंगात कसर, थकवा, जेवण नको वाटणं, मळमळ हे बऱ्याच जणांना होतं. हा ताप हलका असतो, साध्या गोळीने उतरतो, दिवसेंदिवस कमी होत जातो आणि मधल्या वेळात माणूस बरा दिसतो. ३८.५ अंश सेल्सियसच्या वर, म्हणजे फॅरनहाइटमधे १०१ च्या पुढे गेला, थंडी वाजून हुडहुडी भरून आला, किंवा एकदा उतरून आठदहा दिवसांनी परत चढला, तर पू असू शकतो, त्याच दिवशी दाखवायचं. उजव्या बरगडीखाली थोडं दुखणं चालेल, खांदा दुखणं पण चालेल, पण पोट कडक लागायला लागलं, फुगलं, हात लावू देत नाही, वारंवार उलट्या, असं झालं तर वाट बघू नका. चक्कर, घाम, चेहरा पांढरा पडणं, नाडी जोरात, हे पहिल्या दिवसात आतल्या रक्तस्रावाचं. डोळे पिवळे होणं, लघवी गडद, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं हे लिव्हरचं. सिरॉसिसच्या पेशंटने अंगदुखीसाठी मनाने पेनकिलर घ्यायची नाही, तापाच्या गोळीचा डोसही विचारूनच, नेहमीपेक्षा कमी ठेवतात.

आई सांगत नाही म्हणालात तर तिला दुखतंय का असं विचारू नका. ठरलेल्या वेळी थर्मामीटर लावा, नाडी मोजा, वहीत लिहा, आणि जेवण किती गेलं, कुशीवर वळताना कशी वळते ते बघा. साधारण महिन्याने परत सीटी किंवा एमआरआय होईल, तेव्हा गाठीची कड जिवंत राहिलीये का ते कळेल. राहिली असेल तर परत करता येतं, त्याने खचून जायचं कारण नाही.

चांदणवेल:
आणि मांड्या बघायला विसरू नका. त्यांनी आरएफए केलं तर.

उंबर:
ताई, त्या दिवशी आत नेण्याआधी जो टेक्निशियन आईला घ्यायला येईल त्याला स्वतः सांगा, डावा खुबा बदललाय, छातीत पेसमेकर आहे. फाइलमधे असलं तरी सांगा. आम्हाला राग येत नाही, बरंच वाटतं. आणि आदल्या दिवशीपासून मांड्यांना तेल, क्रीम काही लावू नका.

पाऊलवाट:
सांगते. वही आजच आणून ठेवलीये.